आरएनएच्या माळेचे काटे

स्वतःच्या अंगातल्या काट्यांची लाज वाटून तुम्ही कधी मान खाली घातली आहे का?

मी घातली आहे. मी एक माळ बोलतेय. बाभुळगावच्या एका शाळेच्या कपाटात राहते. १९६७ साली अकरावीतल्या सत्यशीलाने मला आरएनएचा नमुना म्हणून घडवले. ज्वारीच्या धांड्याचा पांढरा गाभा कापून मणी केले, रंगवले, तारेत ओवले. माझी बहीण डीएनए त्याच धांड्यांची. पण तिला दोन पदर, एकमेकांना धरून पीळ घातलेले. उंच, डौलदार. मी एकपदरी. जोडीला कोणी नाही, म्हणून स्वतःवरच दुमडते आणि माझेच मणी माझ्याच मण्यांना धरतात.

"अशी वाकडी माळ कोणाच्या गळ्यात घालतं वं पोरी?" तिचे वडील उकंडा हसले.

"गळ्यातली नाही बाबा. तुमच्याच अंगात हाय, पेशीपेशीत!"

आम्हा बहिणींत खरा फरक आमच्या कण्यातल्या साखरेचा. माझ्या साखरेवर एक ऑक्सिजन जास्त. तो दाखवायला सत्यशीलाने माझ्या साखरेच्या प्रत्येक मण्यात बाभळीचा काटा खोचला. त्या अडचणीमुळे मला बहिणीसारखे सडपातळ वळता येत नाही. मी आखूड, जाड वळते. खरा आरएनए चुन्याच्या निवळीसारख्या द्रावणात पडला, तर तोच जास्तीचा ऑक्सिजन त्याच्याच कण्यावर उलटतो आणि कणा तोडतो. आपल्याच काट्याने आपण तुटायचे! बहीण मात्र टिकते.

यवतमाळच्या विज्ञान प्रदर्शनाला निघण्याआधी एका पाहुण्यांच्या बोटाला मी टोचले. विज्ञानाच्या शिक्षिका विमलताई ओशाळल्या. त्यांनी सत्यशीलाला न विचारता माझे सगळे काटे उपटले आणि मला ताणून सरळ केले. खरे सांगते, मला बरे वाटले. आता मी बहिणीसारखी दिसणार होते.

प्रदर्शनात परीक्षकांनी विचारले, "एकाच घरच्या दोघी. मग आरएनएची वळणं वेगळी का?"

सत्यशीलाचे बोट सवयीने काट्याकडे गेले. तिथे नुसते भोक होते. ती चाचपत राहिली. "पाठ केलं होतं वाटतं," असे म्हणून परीक्षक पुढे सरकले.

"बाई, काटे काहून काढले?" ती हळूच म्हणाली. "त्याच्यावरूनच तं सांगणार होते मी."

"लोकांना टोचत होते गं," एवढेच ताई बोलल्या. त्यांची नजर जमिनीवरून उठेना. माझीही लाज तेव्हा पालटली. काटे असताना वाटायची त्याहून मोठी लाज आता त्या रिकाम्या भोकांची वाटत होती.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विमलताईंनी पदरातून बाभळीचे काटे आणले, परीक्षकांना हात जोडून "चूक माझी होती, पोरीची नव्हे" असे सांगितले, आणि सत्यशीलाने एकेक काटा माझ्यात खोचत पूर्ण उत्तर दिले.