एक वाजताचे निरोप

"हे एवढं पान गाळू या, एदेल्मिराबाई," रेनातो म्हणाला आणि त्यानं तो कागद टेबलावर पालथा ठेवला.

रेडिओ पुएर्तो सेरेनोला पन्नास वर्षं होत होती. रेनातोच्या वडिलांनी, फेर्मिन यांनी, हे केंद्र काढलं. आता ते चाकाच्या खुर्चीत होते आणि कारभार मुलाकडे होता. त्याला केंद्राच्या इतिहासाची पुस्तिका छापायची होती. चाळीस वर्षं माइकसमोर बसलेली बाई गावात एकच, म्हणून त्यानं तिलाच लिहायला सांगितलं होतं. तिनं बावीस पानं लिहून आणली. एकवीस त्याला फार आवडली.

"खोटं आहे का त्यात काही?" तिनं विचारलं.

"खोटं कोण म्हणतंय? पण बाबांचं वय बघा. महापौर येणार, शाळेतल्या मुली नाचणार. त्यात जुनं मढं कशाला उकरायचं?"

"मढं मिळालं कुठं, रेनातो? मिळालं असतं तर पुरलं असतं."

तो खिडकीबाहेर बघू लागला. मग एकदम उजळून म्हणाला, "त्यापेक्षा असं करा ना. त्या दिवशी दुपारी एक वाजता तुम्ही निरोप वाचा, पूर्वीसारखे. सभागृहातून थेट. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल बघा."

"वाचते," एदेल्मिरा म्हणाली. फार पटकन म्हणाली. त्याच्या ते ध्यानात आलं नाही.

ती एका नावाड्याची मुलगी. एकोणिसाव्या वर्षी केंद्रात झाडलोट करायला आली आणि वाचणारा गृहस्थ घसा बसून घरी गेला म्हणून माइकसमोर बसली, ती कायमची. डोंगरात ना रस्ता होता ना फोन. पण झोपडी कितीही लांबची असो, बॅटरीचा रेडिओ असायचाच, आणि दुपारी एकला मेंढ्या सोडून माणसं त्याच्याभोवती जमायची. 'रिओ पार्दोच्या पठारावरचे अमुक, तुमच्या बायकोला मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत.' 'तमुक, गुरुवारी धक्क्यावर दोन घोडे पाठवा.' निरोप तीनदा वाचायचा, सावकाश वाचायचा, हा नियम. वारा आवाज खाऊन टाकतो, एकदा नाही तर दुसऱ्यांदा तरी पोचेल.

बाजारात तिनं 'साखर द्या' म्हटलं की अनोळखी माणसं मागं वळून बघायची. "अगं, ही तर निरोपवाली!" एका म्हाताऱ्यानं तिला भर बाजारात सांगितलं होतं, "पोरी, पाद्री सांगतो ते मी ऐकतो. तू सांगतेस ते खरं मानतो." त्या रात्री तिला आनंदानं झोप आली नव्हती.

मग त्र्याहत्तर साल आलं. सप्टेंबरात राजधानीत लष्करानं सत्ता घेतली आणि दहा दिवसांत शिपाई पुएर्तो सेरेनोच्या धक्क्यावर उतरले. लाकूड गिरणीतल्या कामगारांच्या संघटनेचा चिटणीस ओनेसिमो बार्रिया त्याआधीच डोंगरात पसार झाला होता. पठारावर मामाकडं आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. शिपायांनाही असावं. पण दोन दिवसांची चढण चढून त्याला शोधत कोण बसणार?

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी निरोपांच्या गठ्ठ्यात एक कागद यंत्रावर टाइप केलेला होता. गावात कुणी निरोप टाइप करत नसे. एक तरुण अधिकारी टोपी मांडीवर ठेवून तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला होता. शांत, दाढी केलेला.

'ओनेसिमो बार्रिया, रिओ पार्दोचं पठार. आई अत्यवस्थ आहे. लगेच खाली ये.'

त्याच सकाळी पावाच्या रांगेत ओनेसिमोची आई क्लोरिंदा तिच्या पुढं उभी होती. पाव कच्चा राहिला म्हणून भटारखानेवाल्याशी कडाकडा भांडत होती.

एदेल्मिरानं काचेपलीकडं पाहिलं. तिथं फेर्मिन उभे होते. त्यांनी हातानं खूण केली. वाच.

तिनं वाचलं. तीनदा वाचलं, सावकाश. पुढं आयुष्यभर तिनं त्या मिनिटाची उलटतपासणी केली. नाव चुकवता आलं असतं. खोकला काढता आला असता. नुसता आवाज कापला असता तरी ओनेसिमोनं ओळखलं असतं. पण आवाज कापला नाही. दुसऱ्यांदा वाचताना तर 'अत्यवस्थ' शब्दावर ती नेहमीसारखी किंचित थांबली, कारण तिथं थांबायचं असतं.

पाव तासात क्लोरिंदा धावत आली. हात कणकेनं भरलेले, चपला उलट्यासुलट्या.

"अगं, मी धडधाकट आहे की! कुणी दिला हा निरोप? आत्ताच्या आत्ता सांग रेडिओवर, खोटं आहे म्हणून. मिरा, सांग ना गं!"

अधिकारी अजून खुर्चीतच होता. तो सिगारेट पेटवत होता.

"मावशी, घरी जा," एदेल्मिरा म्हणाली.

क्लोरिंदानं तिच्याकडं पाहिलं, मग त्या टोपीकडं पाहिलं आणि निघून गेली.

गुरुवारी ओनेसिमो खाली उतरला. नदी ओलांडायच्या तराफ्याजवळ त्याला धरला. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही.

एदेल्मिरानं नोकरी सोडली नाही. बाप अंथरुणाला खिळला होता, हे कारण तीन वर्षं पुरलं. तो गेल्यावर तिनं दुसरं कारण शोधलंच नाही. लग्नाचं विचारणारा एक होता, त्याला तिनं सांगितलं, "माझ्या तोंडचं 'हो' तुम्ही खरं मानाल, आणि तेच मला नको आहे." त्याला काही उमगलं नाही.

आणि क्लोरिंदा दर मंगळवारी येत राहिली. खिडकीतून चिठ्ठी सरकवायची. 'ओनेसिमो, आई बरी आहे. खाली येऊ नकोस.' फेर्मिन यांनी बजावलं होतं, ही चिठ्ठी वाचायची नाही. एदेल्मिरा ती घ्यायची आणि म्हातारी वळली की शेगडीत टाकायची. अकरा वर्षं. मग एका मंगळवारी म्हातारी आली नाही.

वर्धापनाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. मुली नाचल्या, महापौरांचं भाषण लांबलं. एक वाजता एदेल्मिरा माइकसमोर बसली. रेनातोनं पाच गमतीशीर जुने निरोप निवडून दिले होते. हरवलेलं डुक्कर, नवरदेवाची विसरलेली विजार. लोक खदखदून हसले. पाच संपले. ती उठली नाही.

"ओनेसिमो बार्रिया, रिओ पार्दोचं पठार," तिनं कागदाशिवाय वाचलं. "तुझी आई बरी आहे. खाली येऊ नकोस."

रेनातोचा चेहरा उतरला. तिनं दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. आणि मग टाळ्या सुरू झाल्या. पोरांना वाटलं, हाही एक जुना नमुना. पुढच्या रांगेत खुर्चीतले फेर्मिनही टाळ्या वाजवत होते. त्यांना आठवलं की नाही, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. रेनातोनं घाईघाईनं गाणं लावायला सांगितलं.

ती मागच्या दारानं बाहेर पडली. बसथांब्यावर एक बाई बसली होती. पन्नाशीची, हातात जड पिशवी. एदेल्मिरानं तिला ओळखलं. ती इल्दा होती, ओनेसिमोची धाकटी बहीण.

"ऐकलंस?" एदेल्मिरानं विचारलं.

"बेकरीत रेडिओ चालू होता." इल्दा रस्त्याकडंच बघत होती. "छत्तीस वर्षं उशिरानं. कुणासाठी वाचलंस? त्याच्यासाठी, की तुला झोप लागावी म्हणून?"

एदेल्मिरा बाकासमोर येऊन उभी राहिली.

"आईनं त्या दिवशी मला तराफ्यावर पाठवलं होतं, त्याला परतवायला. पंधरा वर्षांची होते मी. शिपायांनी दंड धरून बाजूला उभी केली. तो पलीकडून आला ना, मला बघून हसला. त्याला वाटलं, मी त्याला घ्यायला आलेय. एकच विचारलं त्यानं. 'आई आहे ना गं अजून?' मी 'हो' म्हटलं. मग मिरा, त्याचा चेहरा इतका निवला..." तिनं पिशवीचे बंद सारखे केले. "त्याला खूप आनंद झाला होता, एवढंच तुला सांगायचं होतं. पुस्तक लिहिलंस म्हणे, त्यात घाल."

"ते पान गाळलं त्यांनी."

"गाळणारच."

समुद्रावरून वारा सुटला होता. बाक तिघांचा होता. एका टोकाला इल्दा, आणि उरलेल्या जागेत तिची पिशवी. एदेल्मिराचे गुडघे दुखत होते. इल्दानं तिच्या गुडघ्यांकडं पाहिलं, पिशवीकडंही पाहिलं, आणि पिशवी तिथंच राहू दिली.

बस यायला चाळीस मिनिटं लागली. एदेल्मिरा तोवर उभी होती.