टाकीचं झाकण

शेडचं दार उघडलं आणि ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोठ्या टाकीचं झाकण सताड उघडं होतं. समोर स्टुलावर टेबलफॅन ठेवून धाकट्या भावाने त्याचं तोंड टाकीकडे वळवलं होतं. वर स्वारी खूश!

"वास बघ किती कमी झालाय," तो म्हणाला. "कालपासून हवा खेळवतोय. उद्या रंगवाले येणार, त्यांनी नाक मुरडायला नको."

ताईने पंखा बंद केला, झाकण दाबून बसवलं. टाकीतला वायू एका नळीने पाण्याच्या बरणीत जायचा आणि तिथे बुडबुड्यांची नुसती झुंबड उडायची. आता बरणीतलं पाणी ढिम्म हलत नव्हतं.

धाकटा बेकऱ्यांतला शिळा पाव आणि खानावळींतला उरलासुरला भात, बटाटे गोळा करून आणायचा. ताई त्याची पेज शिजवून तिच्यात जिवाणूंचं विरजण लावायची. ते जिवाणू त्यातल्या स्टार्चचं ब्युटेनॉल करायचे, रंगाच्या कारखान्यात लागतं ते. लहान भांड्यात हे जमलं होतं. मोठ्या टाकीत जमलं तर रंगवाले माल घेणार होते. नाही जमलं, तर चांगली नोकरी सोडून ताईने घातलेला हा घाट इथेच आटोपणार होता.

आणि या जिवाणूंना हवा म्हणजे विष. ते आधी उलटीसारखा आंबट, घाणेरडा वास सोडतात आणि मगच त्या आंबटाचं ब्युटेनॉल करतात. तो वास म्हणजे अर्धं काम फत्ते झाल्याची खूण. हे तिने घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं होतं, पण या कानाने ऐकून त्या कानाने सोडायची धाकट्याची सवय जुनी. घरात वास आला की खिडक्या उघडतात, तेवढं मात्र दीडशहाण्याच्या बरोबर लक्षात राहिलं.

घरी आईने त्याचीच बाजू घेतली. "चांगल्यासाठीच केलं ना त्याने? परक्या माणसापुढे त्याला तोंडघशी पाडू नकोस. तू मोठी आहेस."

मोठी! काच त्याने फोडायची आणि बोलणी हिने खायची, हा मोठेपणा ताई लहानपणापासून भोगत होती. तिला संताप आला, रडूही आलं. तरी तिने ठरवलं, घालू याही वेळी पांघरूण.

दुसऱ्या दिवशी रंगवाल्यांनी टाकीतला नमुना बाटलीत घेऊन हुंगला. "हे नुसतंच आंबट आहे. बिघडलं कशाने?"

"आमच्या हातून..." ताई बोलायला लागली.

"ताईचं विरजणच कच्चं निघालं," धाकटा मध्येच म्हणाला. "मी माल एक नंबर आणला होता."

मग मात्र तिने काही हातचं राखलं नाही. "विरजण ठणठणीत होतं. याने झाकण उघडून टाकीवर पंखा लावला, त्याने सगळे जिवाणू मेले. लहान भांड्यातलं विरजण अजून जिवंत आहे. मी पुन्हा करून दाखवते."

रंगवाल्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "आणखी एकदा बघतो," ते म्हणाले. "त्यानंतर मात्र नाही." आणि गेले.

"चारचौघांत लाज काढलीस माझी," धाकटा फणकारला.

"शेडची किल्ली दे."

"अगं, मीही खपलोय इथे!"

खपला होता, ते खरंच होतं. भल्या पहाटे पिंपं उचलून त्याची पाठ धरायची. म्हणून तर तिचा राग आणखीच भडकला. "माल दारात ठेवायचा आणि जायचं. आत पाऊल टाकायचं नाही."

किल्ली तिच्या हातावर आपटून तो बाहेर गेला. थोड्या वेळाने दाराबाहेरून त्याची हाक आली, "ताई, आईचा फोन आहे. काय झालं विचारतेय."

"तूच सांग तिला," ताई आतून ओरडली. "काय केलंस आणि काय बोललास, दोन्ही सांग. आज तुझ्या तोंडाने सांग."

मग त्याचा आवाज आला, लाडात आलेला. "काही नाही गं आई. ताई चिडलीय. तुला माहितीये ना तिचा स्वभाव."

ताईने दाराला आतून कडी घातली आणि एकटीनेच टाकी रिकामी करायला घेतली.