दोनशे घेवड्यांवर नजर ठेवणारं भिंग

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे आणि माझा कोणावरही विश्वास नाही. तुमच्यावरही नाही. राग मानू नका, माझा धंदाच तसा. साध्या डोळ्याला जे गुळगुळीत दिसतं त्यात मला खड्डे दिसतात, जे हिरवंगार दिसतं त्यात मला डाग दिसतात. शिवाय प्रत्येक गोष्ट दहापट मोठी करून दाखवायची मला खोड आहे. तेव्हा माझी गोष्ट कुठे फुगल्यासारखी वाटली तर खुशाल दहाने भागा. उरेल ते खरं.

माझी काच म्हणे एका दीपस्तंभाच्या दिव्याची चुलत बहीण. असं निदान माझा कारागीर गिऱ्हाइकांना सांगायचा. त्याने मला आधी जाड वाळूने घासलं, मग बारीक वाळूने, मग लाल भुकटीने. इतके दिवस घासलं, की त्याच्या अंगठ्यावरच्या रेषा पुसल्या गेल्या आणि माझी काच लख्ख झाली. शेवटी मला डोळ्याला लावून त्याने आपलाच अंगठा पाहिला, दचकला आणि म्हणाला, "याला जरा जास्तच दिसतंय!" मग पितळेच्या दुमडत्या घरात मला बसवलं, कडीत काळी दोरी ओवली आणि माझी रवानगी झाली घेवड्यावर संशोधन करणाऱ्या एका केंद्रात.

तिथे मी एका माणसाच्या गळ्यात पडलो तो एकतीस वर्षं तिथेच राहिलो. त्यांना सगळे डागकाका म्हणायचे. घेवड्याच्या पानांवर तांबेरा नावाचा रोग पडतो. विटकरी रंगाचे बारीक फोड येतात, पानावरून बोट फिरवलं तर गंज लागल्यासारखी पूड हाताला येते. हे फोड बघून पानाला आकडा देणं हे काकांचं काम. पान स्वच्छ असेल तर एक. पान पार गेलं असेल तर नऊ. बाकी सगळे मधे. सकाळी दव असताना काका वाफ्यात उकिडवे बसायचे, पान उलटं करायचे, मला उघडायचे आणि दोघं मिळून पानाची उलटतपासणी घ्यायचो. एकदा तर काकांनी एका पानाकडे असं रोखून पाहिलं, की ते पान घाबरून तिथल्या तिथे पिवळं पडलं. भागा दहाने.

आमच्या केंद्रात घेवड्याच्या दोन जाती होत्या. एक ढवळी. दाणा टपोरा, पांढरा, चवीला छान. पण तांबेऱ्याची नुसती चाहूल लागली तरी अंथरूण धरायची. दुसरी काळी. दाणा मिरीएवढा, शिजायला घातला तर सरपण संपेल पण दाणा शिजणार नाही. मात्र तांबेरा तिच्या पानावर पाय ठेवायला धजत नसे. केंद्राच्या प्रमुख मॅडमनी या दोघींचा संकर केला, मग त्या संकराची पिढ्यान्‌पिढ्या बी धरत दोनशे वंश तयार केले. काही वंश काळीवर गेले, काही ढवळीवर, बरेचसे धड ना इकडचे ना तिकडचे.

आता मॅडमना हवं होतं ते असं. घेवड्याच्या अंगात गुणसूत्रांच्या अकरा जोड्या असतात. अकरा लांबलचक गल्ल्या समजा, आणि प्रत्येक गल्लीत जनुकांची घरं. तांबेऱ्याला हाकलणारं काळीचं जनुक यांपैकी कुठल्या गल्लीत, कितव्या घरात राहतं? ते शोधायला दोनशेही वंशांच्या गल्ल्यांमधल्या खुणा यंत्रावर वाचायच्या. ज्या वंशांवर डाग पडत नाहीत त्या सगळ्यांत काळीकडून आलेली कोणती खूण सारखी आहे ते बघायचं. ती सापडली की पत्ता सापडला. मग रोग पडायची वाट बघायला नको. कोवळ्या रोपाचं नखाएवढं पान घ्यायचं आणि हे पोर टिकणार की नाही ते आधीच ओळखायचं. याला ते जनुकांचा नकाशा म्हणत.

म्हणजे दोन साक्षी जुळायला हव्या होत्या. पानाची साक्ष आम्ही द्यायची, खुणांची साक्ष यंत्राने.

हे यंत्र मला पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. पांढरं, चौकोनी, तोंडाला झाकण, आणि दिवसभर मनातल्या मनात पुटपुटणारं. जे उघड बोलत नाही त्याच्यावर कसा विश्वास ठेवायचा? आणि ते चालवत होती कोण? काकांची सख्खी सून! हाताला चपळ पोरगी. एवढ्याशा नळीत थेंबाच्या शंभराव्या भागाएवढं पाणी भरायची आणि टिचकी मारून तळाशी बसवायची. वहीतले आमचे आकडे संगणकात भरायचं कामही तिच्याकडेच होतं. आधी एक कारकून होते. काका मोठ्याने आकडे वाचायचे, कारकून भरायचे. ते निवृत्त झाल्यापासून वही सरळ सूनबाईच्या टेबलावर जायची.

सासरे आणि सून एकाच ठिकाणी कामाला, म्हणून दोघांनी घरी एक नियम केला होता. घरचं कामावर आणायचं नाही, कामाचं घरी न्यायचं नाही. ऐकायला किती शहाणपणाचं, नाही? माझ्या मनात मात्र तेव्हाच पाल चुकचुकली होती.

आणि एक दिवस नकाशा आला.

खऱ्या नकाशात जिथे जनुक राहतं तिथे रेघ डोंगरासारखी वर चढते. आमच्या नकाशात अकराच्या अकरा गल्ल्यांत रेघ माळरानासारखी सपाट पडलेली. एक टेकाडसुद्धा नाही. सहा वर्षांचं काम, दोनशे वंश, आणि पत्ता कुणाचाच नाही.

त्या दिवसापासून केंद्रात सगळे एकमेकांकडे माझ्यासारखं बघायला लागले. मी सूनबाईवर संशय घेतला, नळ्या उलटसुलट केल्या असतील म्हणून. यंत्रावर तर घेतलाच. तांबेऱ्यावरही घेतला, की बुवा हा ठरवून चुकीच्या पानांवर बसला असेल. कुठेतरी पाणी मुरत होतं हे नक्की. पण सूनबाईने सगळ्या नळ्या पुन्हा भरल्या, यंत्र पुन्हा पुटपुटलं, आणि खुणा पहिल्यासारख्याच निघाल्या. यंत्र सुटलं. उरलो आम्ही.

मॅडमनी काकांना खोलीत बोलावलं. सूनबाई आधीच तिथे मान खाली घालून बसली होती.

"काका, स्पष्टच विचारते. डोळे तपासून किती दिवस झाले?"

"डोळ्यांना काय धाड भरलीय, मॅडम? आणि हे आहे ना." काकांनी मला छातीवरून उचलून दाखवलं.

"यंत्राने दोनदा तेच सांगितलं. मग चूक पानाच्या आकड्यांतच आहे."

"यंत्राला पान दिसतं का?"

"बाबा..." सूनबाई हळूच म्हणाली.

"तू मधे बोलू नकोस. कामाचं बोलणं चाललंय."

"मीही कामावरच आहे," सूनबाई म्हणाली, आणि मला वाटलं, शाबास! लगेच स्वतःचाच राग आला.

मॅडमनी सुस्कारा सोडला. "सोमवारपासून पानांचे फोटो काढायचे, आकडे कॅमेरा देईल. तुमचे या हंगामाचे आकडे मी रद्द करतेय. बसून राहायला नको, बियांच्या पाकिटांवर चिठ्ठ्या लावायचं काम घ्या."

एकतीस वर्षं ज्या माणसाच्या एका आकड्यावर घेवड्याच्या जाती तरल्या किंवा बुडल्या, त्याने चिठ्ठ्या लावायच्या!  काकांची बोटं माझ्या दोरीला गाठ मारत होती आणि सोडत होती. मग म्हणाले, "चिठ्ठ्या लावतो. पण आधी माझी परीक्षा घ्या. प्रत्येक वंशाचं एक पान मी टिपकागदात दाबून ठेवलंय. वही माझ्यापासून लांब ठेवा. तुम्ही पान द्या, मी आकडा सांगतो. चुकलो तर कॅमेऱ्याला हार मीच घालतो."

पानांचा गठ्ठा आला. मॅडम पान देत होत्या, काका मला लावून बघत होते, सूनबाई संगणकातल्या आकड्याशी ताडून पाहत होती.

"पाच."

"पाच," सूनबाई म्हणाली.

"तीन. नाही, थांबा, देठापाशी दोन फोड आहेत. चार."

"चार," सूनबाईचा आवाज जरा चढला.

"एक. आरशासारखं पान आहे."

सूनबाईने मान पुढे करून पडदा पुन्हा पाहिला.

"काय गं?"

"इथे... नऊ आहे, बाबा."

खोलीत कोणी शिंकलं असतं तर छप्पर उडालं असतं. पुढची पानं आली. सात, सात. दोन, दोन. सहा, सहा. मग काका म्हणाले नऊ आणि संगणक म्हणाला एक. पन्नास पानं झाल्यावर मॅडमनी गठ्ठा खाली ठेवला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"दोनपासून आठपर्यंत एकही आकडा चुकत नाही. चुकतात ते एक आणि नऊ, तेसुद्धा सगळे नाहीत. डोळे गेलेला माणूस असं निवडून चुकत नाही. वही आणा."

वही आली. एकशे अठराव्या ओळीवर काकांनी बोट ठेवलं. "हा बघा. एक."

सूनबाई वाकली. "हा नऊ आहे."

"मी लिहिलाय, मला माहीत नाही होय? एक आहे!"

"बाबा, मला नऊ दिसतोय!"

"हा आकडा आहे का मुंगीचा पाय?" मॅडम म्हणाल्या. "काका, माझ्यासमोर एक लिहा बरं. आणि शेजारी नऊ."

काकांनी पेन घेतलं. आणि मग सवयीने, एकतीस वर्षांच्या सवयीने, डाव्या हातात मला उघडलं, कागदावर धरलं आणि माझ्यातून बघत दोन्ही आकडे लिहिले.

मित्रांनो, माझ्यातून ते आकडे सुपाएवढे दिसत होते. नऊच्या डोक्याला डावीकडे जी आकडी असते ती विळ्याएवढी स्पष्ट होती, आणि एकाला ती नव्हती. संशयाला जागाच नव्हती. मग काकांनी मला बाजूला केलं. कागदावर खसखशीएवढे दोन ठिपके होते, सख्खे जुळे. त्यांत एक कोणता आणि नऊ कोणता हे त्यांची जन्मदात्री आईसुद्धा सांगू शकली नसती.

"तुम्ही भिंगातून लिहिता?" मॅडम म्हणाल्या.

"वाफ्यात चष्मा कोण काढत बसणार? हातात हे असतंच."  मग काका खालच्या आवाजात म्हणाले, "हल्ली जवळचं जरा कमी दिसतं. पान नाही हो, पान चोख दिसतं. कागद."

अख्ख्या गावावर संशय घेत फिरलो मी, आणि चोर सापडला तो माझ्याच पितळी घरात! काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी मोठं करून दाखवत गेलो, म्हणून काका बारीक लिहीत गेले.

पण मॅडमना अजून एक कळत नव्हतं. त्या सूनबाईकडे वळल्या. "आकडा लागत नव्हता, तर विचारलं का नाहीस? एका घरात राहता, एकाच फोडणीचा वास घेता!"

सूनबाईचे कान लाल झाले. "कसं विचारणार, मॅडम? बाबांना तोंडावर म्हणू, की तुमचं अक्षर वाचता येत नाही? एकदा विचारणार होते. पण तेव्हा आम्ही घरी होतो."

 काका ओरडले, "अगं, मग अंदाजाने भरत होतीस?"

"अंदाजाने नाही. आधीच्या ओळीत एक असला तर मी नऊ धरायची. सारखं सारखं एकच कसं येईल, असं वाटायचं."

मॅडमनी कपाळाला हात लावला. पण त्यांचे खांदे हलत होते, आणि त्या रडत नव्हत्या.

दोन दिवस मी त्या वहीवर सरपटत होतो. काका माझ्यातून मोठ्याने वाचत होते, सूनबाई भरत होती. एकसष्ट आकडे बदलले. यंत्राला नवी साक्ष दिली. ते नेहमीसारखं पुटपुटलं, आणि चौथ्या गल्लीत, टोकापासून थोडं अलीकडे, रेघ अशी चढली, अशी चढली, की कागद संपला म्हणून थांबली. काळीचं घर सापडलं होतं. सूनबाईने नळीला मारतात तशी टिचकी त्या डोंगराला मारली.

मॅडमनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं, की या हंगामाचे सर्व आकडे ग्राह्य धरले आहेत. कॅमेरा आला, पण काकांच्या हाताखाली. त्याचे आकडे काका तपासतात, आणि अधूनमधून त्याला शिव्याही देतात. तर वहीत ते लिहून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "काका, इथे सही करा."

काकांचा डावा हात छातीकडे गेला. सूनबाईने चटकन माझी दोरी त्यांच्या गळ्यातून काढून घेतली. "बिनभिंगाची करा, बाबा."

काकांनी सही केली. तीन ओळी व्यापून बसली, आणि शेवटचं वळण टेबलावर गेलं.

मी सूनबाईच्या तळहातावर होतो. तिने गंमत म्हणून हात लांब करून माझ्यातून काकांकडे पाहिलं आणि खुदकन हसली. काका उलटे दिसत होते, डोकं खाली, पाय वर, बोटाएवढे. मित्रांनो, हा माझ्या काचेचा जन्मजात दोष आहे. लांब धरून कोणाकडे बघितलं, की माणूस उलटाच दिसतो. तो जात नाही. म्हणून माझं ऐका. मला मऊ फडक्याने पुसा, वाळूत टाकू नका, पानं, किडे, बिया हवे तितके दाखवा, मी डोळ्यांत तेल घालून बघेन. पण समोर माणूस असला, तर मला मिटून ठेवा आणि चार पावलं जवळ जाऊन त्यालाच विचारा. घरी असलात तरी विचारा.