माणसं झाकून

“ताई, ह्या माणसाचा खिसा बघा.”

रीळमामांनी फोटो तिच्या टेबलावर ठेवला आणि त्यावर बोट टेकवलं. मामा शेजारच्या खोलीत जुन्या सिनेमांची रिळं तपासायचे. दिवसभर हलणारी चित्रं बघून डोळे शिणले की तिच्या खोलीत येऊन न हलणारी बघत बसायचे.

“बोट उचला आधी. डाग पडतो.”

“उचललं. आता सांगा, सदऱ्याचा खिसा कुठल्या बाजूला आहे?”

“माणसं बघायची नसतात, मामा.”

“तुमच्या खोलीत नसतात. माझ्या खोलीत माणसांशिवाय दुसरं असतंय काय? बघा तर खरं.”

तिने भिंग पुढे ओढलं. एक अरुंद गल्ली चढत वर गेलेली. डाव्या हाताला एका घराच्या दगडी पायऱ्या. गल्लीच्या मधोमध एक माणूस समोरून उतरत येत होता. खिसा त्याच्या उजव्या छातीवर होता.

“शिंप्याने चुकून शिवला असेल.”

“आणि त्याच्या मागून येणाऱ्याचा? दोघांचा शिंपी एकच, आणि दोन्ही वेळा चुकला?”

तिने फोटो पालथा केला. मागे जांभळ्या शाईत बारीक, उभं अक्षर होतं. ते तिचं स्वतःचंच होतं. ‘तिसऱ्या पायरीची कोर तुटलेली, जुळते. पायऱ्या डाव्या हाताला, जुळत नाही. जागा अनोळखी.’ खाली तारीख होती. अठ्ठावीस वर्षांपूर्वीची.

शहरातल्या पाडलेल्या इमारती आणि बुजलेले रस्ते जुन्या फोटोंमधून ओळखायचे, हे तिचं काम. फोटोखाली जागेचं नाव लिहायचं, तो कुठे उभं राहून काढला ते लिहायचं आणि पाकीट कपाटात लावायचं. काम शिकवलं ते मोठ्या बाबूंनी. पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्या हातात पोस्टकार्डाएवढा एक काळा पुठ्ठा दिला होता. “फोटो समोर आला की आधी माणसं झाकायची,” ते म्हणाले होते. “नजर माणसावर गेली की तिथेच बसते. भिंत बघत नाही, कौल बघत नाही. माणसं येतात-जातात, आपल्याला जागा हवी.” दुसरा नियम होता दोन खुणांचा. एक खूण जुळली तर तो योगायोग. दोन जुळल्या तर ओळख. आणि आठवण ही खूण नव्हे.

मोठे बाबू कधीच गेले. पुठ्ठ्याच्या कडा झिजून मऊ झाल्या होत्या. पण उपासाच्या दिवशी घास तोंडात जाऊ नये तसा तिच्या हातून नियम कधी मोडला नव्हता. दफ्तरात तिला मागून ‘दोन-खुणा’ म्हणत. तिचं लग्न का राहिलं, यावरही विनोद ठरलेला होता. स्थळं आली होती म्हणे, पण दुसरी खूण पटली नाही. हा विनोद तिने स्वतःच्या कानांनी ऐकला होता. जिन्यात उभी राहून तो पूर्ण होऊ दिला होता आणि मग खाली उतरली होती.

“पाकिटात निगेटिव्ह असेल,” ती म्हणाली.

होती. ती तिने खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. निगेटिव्हला एक बाजू चकचकीत असते, एक मळकट. छापताना त्या पालट्या झाल्या की सगळं जग आरशातलं होतं. पाटी असली तर अक्षरं उलटी दिसतात आणि चूक लगेच सापडते. या गल्लीत पाटी नव्हती. फक्त माणसं होती, आणि ती तिने झाकली होती.

“पालटी छापलीय,” ती म्हणाली.

“म्हणजे पायऱ्या उजवीकडे.”

“हो.”

“मग ओळखली का जागा?”

“एक खूण झाली.”

मामा तिच्याकडे बघत राहिले. तिचा चेहरा पावती फाडतानाचा असावा तसा होता. “मी नीट छापून आणतो,” असं म्हणून ते निगेटिव्ह घेऊन गेले.

ती पायरी तिला भिंगाशिवाय माहीत होती. तिसरीची कोर भिंतीच्या बाजूने तुटलेली होती, आणि तिथे बरोबर एका मुलाची टाच मावायची. चढाच्या गल्लीतलं ते घर. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत ती तिथे राहिली होती. आता तिथे चढही नव्हता. टेकाड कापून रुंद रस्ता केला होता आणि घर होतं तिथल्या हवेतून गाड्या जात होत्या.

त्या गल्लीत एकदा सिनेमावाले आले होते. दोन दिवस राहिले, फोटो काढले आणि गेले. पुढच्या महिन्यात तिच्या धाकट्या बहिणीला ताप आला. चौथ्या दिवशी ती नव्हती. पाच वर्षांची होती. तिचा फोटो काढलेला नव्हता. पुढच्या वर्षी शाळेत घालताना काढू, असं ठरलं होतं.

तिला या दफ्तरात नोकरी लागली तेव्हा आईला कोण आनंद झाला होता. त्यानंतर कितीतरी वर्षं दर शनिवारी आई विचारायची, “सापडली का गं आपली गल्ली?” ती म्हणायची, “नाही.” मग आईची नजर गेली. विचारणंही थांबलं.

दुपारी मामांनी नवा फोटो आणून ठेवला, अजून किंचित ओलसर. आता पायऱ्या उजव्या हाताला होत्या. तिचा हात सवयीने पुठ्ठ्याकडे गेला आणि तिथेच थांबला. पायऱ्यांवर दोन मुली उभ्या होत्या. मोठी समोर बघत होती. धाकटीने मान खाली घातली होती.

तिने भिंग लावलं, काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. आत काहीतरी हलायला हवं होतं. काही हलत नव्हतं. पाय खूप वेळ दुमडून बसल्यावर जसा आपला वाटत नाही, तसं.

तेवढ्यात साहेब आले. साहेब नवे होते, चांगले होते, आणि घाईत होते. दफ्तर नव्या जागेत जाणार होतं. अनोळखी फोटोंच्या चार पेट्या नव्या जागेत नेऊ नयेत, असा हुकूम होता. शुक्रवारी गाडी येऊन त्या घेऊन जाणार होती. त्या पुढे कुठे जाणार, हे कागदावर ‘योग्य ती विल्हेवाट’ असं लिहिलं होतं. तो दिवस बुधवार होता.

“ताई, पेट्यांमधलं काही वाचण्यासारखं?”

“हा एक. चढाची गल्ली असावी.”

“असावी की आहे?”

“एक खूण आहे.”

“अहो, मग घाला ना दुसरी. गल्लीच राहिली नाही. कोण तपासायला जाणारे?”

“मी जाते ना, साहेब,” ती हळू आवाजात म्हणाली. “रोज.”

साहेब हसले नाहीत. “उद्या संध्याकाळपर्यंत यादी बंद होईल,” एवढं म्हणून गेले.

दुसरी खूण कुठून आणायची? समोरची भिंत फोटोत सावलीत गेली होती. वरचा नळ चौकटीबाहेर राहिला होता. एक वाट उरत होती. जागेवर राहिलेल्या माणसाची साक्ष खूण म्हणून चालत असे. अट एकच, साक्षीदाराला फोटो दाखवायचा नाही. तो बघितला की माणूस बघितलेलंच आठवायला लागतो. आधी त्याने आपणहून खूण सांगायची, मग ती फोटोशी ताडायची.

तिने साक्षीचा कोरा फॉर्म घडी करून पिशवीत घातला.

घरी पोचली तेव्हा आई खिडकीपाशी बसून माळ ओढत होती. माळ संपेपर्यंत बोलायचं नाही हा घरातला नेम होता. तिने हातपाय धुतले, दूध तापवलं, आईचा पेला आईच्या उजव्या हाताशी ठेवला आणि समोर बसली. माळेचा शेवटचा मणी सरकला.

“आज चपला हळू काढल्यास,” आई म्हणाली. “काय झालं?”

“दफ्तराचं काम आहे, आई. साक्ष हवीय.”

“माझी? मी काय पाहिलंय गं आंधळीने?”

“तुला दाखवायचं नाहीच आहे.” तिने फॉर्म मांडीवर उघडला. “चढाच्या गल्लीत आपण किती वर्षं राहत होतात?”

“राहत होतात? मला कधीपासून अहो-जाहो करायला लागलीस?”

“फॉर्मवर तसं लिहिलंय.”

“बरं. चौदा वर्षं राहत होतो आम्ही. लिहा बाई.”

तिने लिहिलं. “घराच्या पायऱ्या कशा होत्या?”

“दगडाच्या. पाच. तिसरीची कोर तुटलेली.”

“ती झाली. दुसरं काही?”

आईने गल्ली डोक्यात चढायला सुरुवात केली. नळ सांगितला, समोरच्यांची खिडकी सांगितली, कोपऱ्यावरची कोळशाची वखार सांगितली. सांगताना आवाज तरुण होत गेला. त्यातलं काही फोटोत नव्हतं. प्रत्येक वेळी ती म्हणायची, “अजून?” आणि आई म्हणायची, “अजून काय बाई, गल्ली ती गल्ली.”

मग आई थांबली. माळ बोटांत नुसतीच फिरली.

“मोठे, फोटोत माणसं आहेत?”

“मला सांगता येत नाही, आई. नियम आहे.”

“म्हणजे आहेत.” दुधावर साय धरली. “सिनेमावाले आले तेव्हा तुम्ही दोघी पायरीवर होतात. सकाळपासून. तू कॅमेऱ्याकडे टक लावून, आणि ती खाली बघत. नव्या चपला होत्या तिच्या. दोन दिवस तिने मान वर केली नव्हती.”

तिच्या हातातलं पेन कागदावर टेकलं होतं. तिथे शाईचा ठिपका मोठा होत होता.

“म्हणजे चेहरा दिसत नसेल,” आई म्हणाली.

तिने पेन उचललं.

“मला तिचा चेहरा आठवत नाही आता. आधी आठवायचा. देवाला रोज विचारते, तेवढा तरी ठेवायचास. तुला आठवतो?”

“नाही.”

“मग राहू दे.” आईने हात पुढे केला, हवेत. दोन बोटं एकत्र धरून ती एका नसलेल्या डोक्यावरून कपाळापासून मागे नेली. “पण भांग दिसत असेल. मान खाली असली की भांगच दिसतो. तिच्या डाव्या बाजूला भोवरा होता, तिथे केस ऐकायचेच नाहीत. म्हणून तिचा भांग उजवीकडे. गल्लीतल्या सगळ्या पोरींचा डावीकडे, तुझासुद्धा. हिचा एकटीचा उजवीकडे. ही चालेल का गं खूण?”

तिने पिशवीतून फोटो काढला, भिंग काढलं आणि दिव्याखाली धरलं. मोहरीएवढं डोकं. त्यावर केसासारखी पांढरी रेघ. धाकटीच्या उजव्या बाजूला.

“चालेल,” ती म्हणाली.

आईने मान हलवली. तिने आईच्या बोटांत पेन दिलं, कागदावर जागा दाखवली. आईने सही केली. ती ओळ सोडून वर चढत गेली, गल्लीसारखी.

“आई, हा फोटो पूर्वी एकदा माझ्या हाताखालून गेला होता. अठ्ठावीस वर्षांपूर्वी. उलटा छापलेला होता. मी ओळखला नाही. आपली गल्ली नव्हे असं लिहून ठेवलं.”

“तेव्हा माझे डोळे होते,” आई म्हणाली.

“हो.”

बाहेर कोणाचं तरी दार लागलं. आईने पेला चाचपला, साय बोटाने बाजूला केली, एक घोट घेतला.

“तुला लहानपणापासून डावं-उजवं कळलं नाही,” ती म्हणाली. “शाळेत जाताना चपला रोज उलट्या. धाकटी सांगायची तुला, ताई, बदल.”

दुसऱ्या दिवशी तिने नवं पाकीट तयार केलं. रकाने ठरलेले होते. जागा, दिशा, काळ, खुणा, साक्षीदार. माणसांसाठी रकाना नव्हता, कधीच नव्हता. जागेसमोर तिने लिहिलं, ‘चढाची गल्ली, खालून वर.’ खुणांसमोर लिहिलं, ‘एक : तिसऱ्या पायरीची कोर भिंतीकडून तुटलेली. दोन : पायरीवरील लहान मुलीचा भांग उजवीकडे.’ जुन्या फोटोमागच्या जांभळ्या ओळींवर एक सरळ रेघ मारली आणि शेजारी चूक मान्य केल्याची सही केली, नियमाप्रमाणे.

साहेबांनी यादीत नोंद केली. पाकीट कपाटात जाणार होतं.

रीळमामा आले. फोटोवर वाकले, पण या वेळी बोट टेकवलं नाही.

“मोठीचं नाक ओळखीचं वाटतंय हो,” ते म्हणाले. “आणि ही धाकटी कोण?”

“दुसरी खूण,” ती म्हणाली, आणि पेटीतलं पुढचं पाकीट उघडलं. शुक्रवार उद्यावर होता, आणि अजून साडेतीन पेट्या राहिल्या होत्या. आतल्या फोटोत एका पुलावर काही माणसं उभी होती. पुठ्ठा हाताशीच पडला होता. तिने भिंग उचललं आणि डावीकडच्या पहिल्या माणसापासून सुरुवात केली.