पाणी नव्हे

जोडव्याखालून दोरासुद्धा जात नव्हता. चांदीचा वेढा मांसात असा रुतलेला, की बोटानेच तो गिळायला घेतलाय… आणि हे मशीनवरून उठल्यावर! इंदुताईंनी पायाचं ते बोट अंगठ्याने दाबलं, पाच मोजले, सोडलं. खड्डा नाही. नऊ वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. पाणी चढलेल्या अंगाला खड्डा पडतो हे त्यांना आता कुणी शिकवायला नको – आज अडीच लिटर काढलं, पापण्या उतरल्या, गाल आत गेले, आणि बोट तसंच, आडमुठं.

सहाची चप्पल आठची झाली तेव्हाही सगळे म्हणाले, पाणी. आवाज घोगरा झाला, पाणी. कळंबच्या चौकात डावीकडून आलेला ऑटो दिसलाच नाही, थोडक्यात वाचल्या… तेव्हा डोळ्यांतही पाणीच चढलं असणार! किडनी गेलेल्या बाईला दुसरं काही व्हायची परवानगीच नाही जणू. शेवटी त्या भांडल्या – मी नऊ वर्षं हे अंग वाचून राह्यली डॉक्टर, तुम्ही नऊ मिनिटं – तेव्हा कुठे रक्त तपासलं गेलं. नाकामागे, मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते म्हणे. तिच्यात गाठ असावी; तिनेच हातपाय वाढतात, आणि डोळ्यांच्या नसा दाबून कडेचं दिसेनासं होतं. उद्या एमआरआय. अंगावर धातू चालणार नाही.

म्हणून हे यवतमाळचं सोनाराचं दुकान, आणि डावीकडे नवरा, किसनराव. बोलल्याशिवाय ते तिथे असल्याचं कळत नाही.

“थांब न वं. उतरते उद्यापर्यंत पानी. कापाचं कायले? मी जित्ता आहो अजून.”

“तुम्ही जित्ते आहा म्हणून मी मरू का?”

सोनार हसला, मग कातर शोधायला वाकला. किसनराव पुटपुटले, “एक बिमारी काय कमी होती…”

अच्छा. म्हणजे अपशकुनाचं नाही हे. घाबरलाय. वेडा – आणि मी काय मजेत आहे?

कट्. तीस वर्षांनी बोटाला वारा लागला. खाली पांढरी, गुळगुळीत चरी. भीती आलीच. पण ही किडनीची जुनी, घरातली भीती नव्हती. ही नवी होती, त्यांनी स्वतः हट्टाने शोधून काढलेली, आणि कुणाच्या म्हणण्याने ती आता पाणी होणार नव्हती… त्यांनी मान पार डावीकडे वळवली. दिसले किसनराव. मान वळवली की दिसतात.

दुसरा पाय त्यांनी पाटावर ठेवला.

“हेही काप, भाऊ.”