जवळची आधी

वहिनीने लिहिलेल्या कोडच्या लायब्ररीला ऑफिसात सगळे शोध्या म्हणत. प्रोग्रामच्या शेकडो फायली बांधून एकच गाठोडं करायचं, तर कुठली फाइल कुणाला हाक मारतेय आणि ती कुठे बसलीय, हे शोध्या बघायचा. नियम साधा: आधी स्वतःच्या फोल्डरमध्ये बघा, नसेल तर बाहेरच्या. जवळची सापडली की पुढे जायचं नाही आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. या मुकेपणाचा वहिनीला फार अभिमान. स्वतः तिने तो कधी पाळल्याचं ऐकिवात नाही.

खरं तर ती वहिनी एकाचीच. पण सख्खा दीर शेजारच्याच टेबलावर. त्याने एकदा हाक मारली आणि साहेबांसकट सगळ्यांची ती वहिनी झाली.

सोमवारी एका दातांच्या दवाखान्याचा फोन आला. ऑफिसाने करून दिलेल्या त्यांच्या नव्या वेबपानावर प्रत्येक रुग्णाला एकच तारीख मिळत होती.

साहेब म्हणाले, "वहिनी, दुपारपर्यंत कारण सांगा. नाहीतर शोध्याला निरोप देऊ आणि बाहेरची तयार लायब्ररी घेऊ."

वहिनीचं तोंड एवढंसं झालं. दोन वर्षं तिने शोध्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. ती एकेक फोल्डर उघडत गेली. दीर स्क्रीनमध्ये डोकं घालून बसला होता, नेहमीपेक्षा जरा जास्तच.

खरी 'तारीख' फाइल बाहेरच्या फोल्डरमध्ये होती. पण दवाखान्याच्या फोल्डरमध्ये त्याच नावाची आणखी एक निघाली. तिला काहीही विचारा, ती दिराच्या ठरलेल्या लग्नाची तारीख सांगे.

"भाऊजी, सगळ्या गावाचे दात तुमच्या लग्नातच काढायचेत का?"

"अगं, चाचणीपुरती टाकली होती. काढायची राहिली. पण खरी असताना शोध्याने हीच का उचलली?"

"जवळची आधी."

"मग दोन सापडल्या, हे सांगायचं तरी!"

"माझा शोध्या चहाड्या करत नाही."

"वहिनी, परवा आई म्हणाली, 'सूनबाई, गॅस बंद कर.' सांगत होती थोरल्या वहिनीला, दुधाचा. जवळ होतीस तू. तू भाताचा बंद केलास. 'कुठली सूनबाई?' असं एका शब्दाने विचारलंस?"

"खाल्ला ना मी तो कच्चा भात."

"आम्ही सगळ्यांनीच खाल्ला."

वहिनी उठून साहेबांच्या खोलीत गेली.

"फाइल भाऊजींची, मुकेपणा माझा," ती म्हणाली. "ती फाइल काढलीय. आणि एका नावाच्या दोन सापडल्या, तर शोध्या यापुढे बोलेल."

"बोलला तर राहील," साहेब म्हणाले.

दुपारी सगळे तिच्या खुर्चीमागे जमले. शोध्याने गाठोडं बांधायला घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा तोंड उघडलं: 'मदत' नावाच्या दोन फायली सापडल्या. दोन्ही वहिनीच्या.

"राहिला," म्हणत साहेब हसत खोलीत गेले. दिराने मात्र ती ओळ पुन्हा एकदा मोठ्याने वाचली.

"कळलं," वहिनी म्हणाली. "घरी सांगू नका."

"छे," दीर म्हणाला. "मी कुठे चहाड्या करतो?"