चौथा कोपरा

प्राध्यापक श्रीधर पानसे यांनी गुणपत्रिकेवर पेन्सिलीचं टोक टेकवलं आणि चष्म्यावरून समोरच्या मुलीकडे पाहिलं.

"गणित तीन. एकेचाळीस. हे गुण आहेत की वय?"

शेजारी बसलेले दोघे परीक्षक हसले. नसीमबानूलाही हसू आलं, पण तिने ते ओठांत दाबलं.

"एकाच गणितात अडकले, सर. ते दुसऱ्या रीतीनेही सुटतंय असं दिसलं, म्हणून तसं करून बघत बसले. बाकीचे प्रश्न राहून गेले."

"छान. म्हणजे परीक्षा आमची आणि वेळापत्रक तुमचं."

कर्वेनगरातल्या त्या खाजगी विद्यापीठात डिप्लोमा झालेल्यांना इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला घेत, आणि मुलाखतीत पसंत पडलं तर शाखाही बदलून देत. नसीमचा डिप्लोमा मेकॅनिकलचा होता. तिला हवं होतं इन्स्ट्रुमेंटेशन. जागा आठ, अर्ज त्र्याण्णव.

"हीच शाखा कशाला?" पानसेंनी विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर तिने चार दिवस पाठ केलं होतं. पण तोंडून भलतंच निघालं.

"एक भुईकाटा दुपारी खोटं बोलतो, सर. का ते मला कळत नाहीये."

तिचे वडील अल्लाबक्ष मार्केट यार्डाच्या परिसरात वजनकाटे दुरुस्त करत. यार्डाबाहेर आप्पासाहेबांचा भुईकाटा होता. जमिनीत बसवलेली लांबलचक लोखंडी प्लेट, तिच्याखाली चार कोपऱ्यांना वजन जाणणारे सेन्सर. अख्खा ट्रक वर उभा करायचा. तोच टेम्पो, तोच कांदा, पण दुपारचं वजन सकाळपेक्षा कमी भरायचं. "कांदा सुकतो," असं आप्पासाहेब छातीठोकपणे सांगायचे. नसीमला ते पटेना. म्हणून तिने अब्बांची वीस-वीस किलोंची दहा प्रमाणित वजनं प्लेटच्या मधोमध मांडली. सकाळी बरोबर दोनशे. दुपारी एकशे नव्वद.

"लोखंड तर सुकत नाही ना, सर."

पानसे हसले नाहीत. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "उन्हाने सेन्सर बिघडत असतील."

"मलाही आधी तेच वाटलं. पण चांगल्या सेन्सरमध्ये तापमानाचा फरक सांभाळून घ्यायची सोय केलेली असते म्हणे. आणि हे चांगले आहेत, अब्बांनी उघडून पाहिलेत."

"वजनं मधोमधच का ठेवलीत? एकेका कोपऱ्यावर ठेवून पाहिलंत?"

हे तिला सुचलंच नव्हतं. त्यानंतर तिला थर्मोडायनॅमिक्सचे दोन प्रश्न विचारले गेले. काय उत्तरं दिली ते बाहेर आल्यावर तिला आठवेना.

संध्याकाळी यादी लागली. प्रतीक्षा यादीत तिसरी.

"तिसरी म्हणजे काही वाईट नाही, बेटा," अब्बा म्हणाले. त्यांना वाटलं, पोरगी आता जेवायची नाही. ती जेवली, आणि ताटावरून उठताना म्हणाली, "अब्बा, उद्या वजनं पुन्हा लागतील."

दुसऱ्या दिवशी टळटळीत उन्हात बापलेकीने दोनशे किलो लोखंड एकेका कोपऱ्यावर वाहून नेलं. पहिला कोपरा दोनशे. दुसरा, तिसरा, दोनशे. चौथ्यावर आकडा एकशे साठला अडकला.

नसीम तिथेच पालथी झाली. प्लेट आणि सिमेंटची कड यांच्यामध्ये बोटभर फट असायला हवी होती. या कोपऱ्यात ती माती आणि कांद्याच्या टरफलांनी गच्च भरली होती, दगडासारखी. सकाळी, प्लेट थंड असताना, तिथे जेमतेम पोस्टकार्ड सरकेल एवढी जागा उरत असणार. आता ऊन खाऊन प्लेट वाढली होती आणि त्या मातीतून कडेला घट्ट टेकली होती. सेन्सर बिचारा खरंच बोलत होता. थोडं वजन त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं, परस्पर कडेवर जात होतं.

अब्बांनी पहारीने फट मोकळी केली. आकडा हलला आणि दोनशेवर येऊन थांबला.

"म्हणजे कांदा सुकत नव्हता तर," आप्पासाहेब म्हणाले, जणू कांद्यानेच त्यांना फसवलं होतं.

नसीमने सगळं एका कागदावर मांडलं, चारही कोपऱ्यांच्या आकड्यांसकट, आणि कर्वेनगरची बस धरली. पानसे व्हरांड्यात भेटले. त्यांनी कागद उभ्यानेच वाचला, मग पुन्हा वाचला.

"या कागदाने यादी बदलत नाही, एवढं आधीच सांगतो."

"यादीसाठी नाही आले, सर. कोपऱ्यांचं तुम्ही विचारलं होतं. उत्तर सांगायचं राहिलं होतं."

पानसेंनी चौथ्या कोपऱ्याच्या आकड्यावर बोट ठेवलं. "पावसाळ्यात काय होईल? माती फुगली तर?"

"ते जूनमध्येच बघावं लागेल."

"बघा. आणि मलाही सांगा."

नऊ दिवसांनी विद्यापीठातून फोन आला. प्रतीक्षा यादीतल्या वरच्या दोघी दुसरीकडे गेल्या होत्या आणि निवड झालेल्या एका मुलाची कागदपत्रं पुरी झाली नव्हती. जागा होती, पण अट घालून: सत्र सुरू होण्याआधी गणित तीनची वेगळी परीक्षा देऊन साठ गुण मिळवायचे. न मिळाले तर प्रवेश रद्द.

अल्लाबक्ष त्या दिवशी दुकान बंद ठेवून तिच्याबरोबर आले. हमीपत्रावर त्यांनी अगदी सावकाश, रेघेवर रेघ ठेवून सही केली. नसीमने घाईघाईत केली. पण बाहेर पडताना तिचे पाय जिन्याकडे न जाता भलतीकडेच वळले.

व्हरांड्याच्या टोकाला एका प्रयोगशाळेचं दार उघडं होतं. आत एका टाकीवरच्या उभ्या काचेच्या नळीत पाणी चढत होतं. एका खुणेपाशी येऊन ते आपोआप थांबलं, थोडं उतरलं, पुन्हा थांबलं. आत फक्त फरशी पुसणाऱ्या सरुबाई होत्या.

"मावशी, हे कोण थांबवतंय?"

"मी तर नाही." सरुबाईंनी फडकं पिळलं. "सहा वर्षं बघतेय. एकदा एका सरांना विचारलं, तर म्हणाले, तुम्हाला कळणार नाही."

"आत येऊ?"

"चपला काढून या. फरशी ओली आहे."

नसीम आत गेली. मागोमाग अब्बाही आले, टाकीशी गुडघ्यांवर बसले आणि सवयीने आधी खालून बघू लागले. सरुबाईंनी बादली बाजूला सारली आणि त्याही वाकल्या.

"इकडे एक बारीक नळी आहे," अब्बा म्हणाले.

"कुठे जाते?" नसीमने विचारलं.